एक अमिनो आम्ल बदलले की इलेक्ट्रॉनची वाट कशी बदलते, हे कसे शोधावे

प्रकाशसंश्लेषणावरील शोधनिबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: अमुक स्थानावरील टायरोसिन काढून तेथे फेनिलॲलानिन बसवले आणि प्रभारविलगीकरण (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडून धन व ऋण प्रभार वेगळे होणे) इतके पट मंदावले. ते वाचून ‘म्हणजे या कामाला टायरोसिन आवश्यक आहे’ असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण हा निष्कर्ष बहुतेक वेळा अपुरा असतो, कारण प्रथिनातील एकच अमिनो आम्ल एकाच वेळी अनेक कामे करत असते. ते शेजारच्या रंगद्रव्याला हायड्रोजन बंधाने धरते, स्वतःच्या विद्युत क्षेत्राने त्या रंगद्रव्याची ऊर्जा वरखाली करते, जागा भरून ठेवते आणि कधी पाण्याचा एखादा रेणू जागेवर राखते. ते बदलले की या सगळ्यांतले काय काय बदलले, याचा स्वतंत्र छडा लावावा लागतो. वेग मोजणे हे अर्धे काम आहे आणि तो कशामुळे बदलला हे ठरवणे हे उरलेले, जास्त कठीण, अर्धे काम आहे. पुढील मार्गदर्शन या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे; पदव्युत्तर वर्गात किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षात असलेल्या वाचकाला समोर ठेवून ते लिहिले आहे.

उदाहरण म्हणून ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडीस हा जांभळा जीवाणू घेऊ. तो निवडण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. हा जीवाणू ऑक्सिजन मिळाला तर अंधारात, केवळ श्वसनावर, उत्तम वाढतो. त्यामुळे एखाद्या बदलाने त्याचे प्रकाशसंश्लेषण पूर्ण बंद पडले तरी जीवाणू मरत नाही आणि बिघडलेले अभिक्रिया केंद्र (जेथे हे विलगीकरण घडते ते रंगद्रव्यांसह प्रथिन) आपल्याला मुबलक मिळवता येते. शिवाय या केंद्राची त्रिमितीय रचना अणूंच्या पातळीवर ठाऊक आहे. त्याच्या जवळच्या नातलगाचे, म्हणजे त्या काळी ऱ्होडोस्यूडोमोनास व्हिरिडिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीवाणूचे, केंद्र प्रथम उलगडले गेले आणि त्या कामासाठी हार्टमुट मिशेल, योहान डायझेनहोफर व रॉबर्ट हूबर यांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. स्फेरॉइडीसची रचना त्यापाठोपाठ आली.

आधी मूळ वाट पाठ असावी

बदललेले केंद्र हाती घेण्यापूर्वी न बदललेल्या केंद्रातील इलेक्ट्रॉनचा प्रवास वेळांसकट तोंडपाठ असला पाहिजे. केंद्राच्या मध्यभागी बॅक्टेरिओक्लोरोफिलचे (जीवाणूंतील क्लोरोफिलचे) दोन रेणू एकमेकांना जवळजवळ चिकटून असतात; ही विशेष जोडी, तिला ‘पी’ म्हणतात. तिच्यापासून दोन शाखा निघतात, ए आणि बी. प्रत्येक शाखेत आधी एक साहाय्यक बॅक्टेरिओक्लोरोफिल, मग एक बॅक्टेरिओफिओफायटिन (मॅग्नेशियम नसलेले बॅक्टेरिओक्लोरोफिल), मग एक क्विनोन (इलेक्ट्रॉन स्वीकारणारा रेणू). ए शाखेतील घटकांना अनुक्रमे बीए, एचए आणि क्यूए म्हणू, आणि बी शाखेतील क्विनोनला क्यूबी. दोन्ही शाखा दिसायला आरशातील प्रतिमेसारख्या असल्या तरी इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळाच्या सगळा ए शाखेने जातो.

प्रकाश पडून पी उत्तेजित झाली की सुमारे ३ पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) इलेक्ट्रॉन एचएवर पोहोचतो. वाटेत तो बीएवर क्षणभर टेकतो, पण बीएवरून पुढे जायला त्याला १ पिकोसेकंदाच्या आसपासच वेळ लागत असल्याने तेथे तो फारसा साठत नाही. एचएवरून क्यूएकडे जायला सुमारे २०० पिकोसेकंद, आणि क्यूएवरून क्यूबीकडे जायला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे जवळजवळ एक इलेक्ट्रॉन क्यूएपर्यंत पोहोचतो, इतकी ही व्यवस्था कार्यक्षम आहे.

३ पिकोसेकंद म्हणजे नेमके किती, हे प्रयोगशाळेत फार सुंदर रीतीने डोळ्यांसमोर येते. एक लेझर स्पंद नमुन्याला उत्तेजित करतो आणि दुसरा थोड्या उशिराने येऊन नमुन्याचे शोषण मोजतो. हा उशीर कोणत्याही घड्याळाने साधत नाही, तर दुसऱ्या स्पंदाची वाट लांबवून साधतो: सरकत्या पट्टीवरील आरसा मागे घेतला जातो. प्रकाश १ पिकोसेकंदात सुमारे ०.३ मिलिमीटर जातो आणि आरशापर्यंत जाऊन परत यायचे असल्याने ३ पिकोसेकंदांसाठी आरसा जेमतेम ०.४५ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. निसर्गातील ऊर्जेच्या एवढ्या मोठ्या व्यवहाराचा पहिला टप्पा आरशाच्या अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकण्यात संपतो.

वेळांच्या जोडीला ऊर्जेची शिडी कागदावर काढून ठेवावी. वरच्या पायरीवर उत्तेजित पी, सुमारे १.४ इलेक्ट्रॉनव्होल्टवर. तिच्या किंचित खाली ‘पीवर धन, बीएवर ऋण’ ही अवस्था, आणि पाव इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास खाली ‘पीवर धन, एचएवर ऋण’ ही अवस्था. मधल्या पायरीचे अंतर फार थोडे आहे, हे नीट लक्षात ठेवावे. बहुतेक उत्परिवर्तनांचा उलगडा याच अरुंद पायरीपाशी होतो. इलेक्ट्रॉनच्या उडीचा वेग तीन गोष्टींवर ठरतो, असे रुडॉल्फ मार्कस यांचा सिद्धांत सांगतो: दोन पायऱ्यांमधील मुक्त ऊर्जेचा फरक, आजूबाजूच्या अणूंना नव्या प्रभाराशी जुळवून घेण्यासाठी लागणारी पुनर्रचना-ऊर्जा, आणि दोन रंगद्रव्यांच्या इलेक्ट्रॉन-कक्षांचे एकमेकांवर पडणारे आच्छादन. कोणतेही उत्परिवर्तन यांपैकी कशाला हात लावते, हाच प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न आहे.

बदल कोणत्या जातीचा आहे?

काही बदल रंगद्रव्यच बदलून टाकतात. पीमधील प्रत्येक बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या मॅग्नेशियमला एका हिस्टिडिनने धरलेले असते. केंद्रातील रंगद्रव्ये धरणाऱ्या दोन प्रथिन-उपघटकांना एल आणि एम म्हणतात; एम उपघटकातील २०२ क्रमांकाच्या हिस्टिडिनच्या जागी ल्युसिन आणले की मॅग्नेशियमला आधार उरत नाही, ते निसटते आणि जोडीतील एक रेणू बॅक्टेरिओफिओफायटिन होतो. या विषम जोडीत प्रभारविलगीकरण सुमारे दहा पटींनी मंदावते आणि कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास येते. पण त्याच हिस्टिडिनच्या जागी ग्लायसिन आणले तर मॅग्नेशियम टिकते, कारण ग्लायसिन इतके लहान आहे की रिकाम्या झालेल्या पोकळीत पाण्यासारखा छोटा रेणू शिरून हिस्टिडिनची जागा घेऊ शकतो. एकाच ठिकाणच्या दोन बदलांचे परिणाम इतके वेगळे असू शकतात. म्हणून ‘हिस्टिडिन काढले’ एवढेच लिहून कधी थांबू नये. त्या जागी काय आणले हेही तितकेच महत्त्वाचे आहे. याच्या उलट दिशेचे उदाहरण म्हणजे एम २१४ येथील ल्युसिनच्या जागी हिस्टिडिन आणणे. तेथे नवे हिस्टिडिन मॅग्नेशियमला धरून ठेवते आणि एचएच्या जागी बॅक्टेरिओफिओफायटिनऐवजी बॅक्टेरिओक्लोरोफिल बसते.

दुसऱ्या जातीचे बदल रंगद्रव्य तेच ठेवून त्याचा विभव (इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची त्याची तयारी दाखवणारा आकडा) हलवतात. पीच्या कडेला असलेल्या ल्युसिन एल १३१, ल्युसिन एम १६० आणि फेनिलॲलानिन एम १९७ यांच्या जागी हिस्टिडिन आणले की पीला नवे हायड्रोजन बंध मिळतात आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन काढणे अवघड होते. मूळ केंद्रात पीचा ऑक्सिडीकरण विभव सुमारे ५०० मिलिव्होल्ट असतो. एल १६८ येथील मुळातला बंध तोडला तर तो ४१० पर्यंत उतरतो, आणि वरील तिन्ही बदल एकत्र केले तर ७६५ पर्यंत चढतो. जेम्स ॲलन आणि जोॲन विल्यम्स यांच्या गटाने १९९० च्या दशकात उभारलेली ही मालिका मला या क्षेत्रातील सर्वांत शिकवणारी मालिका वाटते, कारण तिच्यात एकच बटण हळूहळू फिरवले आहे. पीचा विभव वाढला की शिडीवरील ‘पीवर धन’ असलेल्या सगळ्या पायऱ्या साधारण तेवढ्याच वर जातात. उत्तेजित पी मात्र जवळजवळ तिथेच राहते, त्यामुळे मधली पायरी तिच्या बरोबरीला, मग तिच्याही वर येते आणि पहिली उडी मंदावते.

तिसऱ्या जातीचे बदल जवळच्या विद्युत क्षेत्राचे किंवा जागेचे असतात. एम २०३ येथील ग्लायसिनच्या जागी ल्युसिन आणले की बीएजवळचा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पहिला टप्पा मंदावतो. एम २६० येथील ॲलानिनच्या जागी ट्रिप्टोफॅनसारखे अवजड आम्ल आणले की क्यूएला बसायला जागाच उरत नाही. हा शेवटचा बदल तर हत्यार म्हणून उपयोगी आहे: क्यूए नसल्याने इलेक्ट्रॉन एचएवरच अडकतो आणि आधीचे टप्पे सावकाश पाहता येतात.

येथे एक सावधगिरी, जी न पाळल्याने तासन् तास वाया जाऊ शकतात. वेगवेगळ्या जातींच्या जीवाणूंत क्रमांक सरकलेले असतात. ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलॅटसमधील एम २००, २०१, २०८ आणि २१२ हीच स्फेरॉइडीसमधील अनुक्रमे एम २०२, २०३, २१० आणि २१४ स्थाने आहेत. दोन निबंधांतील आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी जीवाणूचे नाव तपासावे.

एम २१० चा धडा

एम २१० येथील टायरोसिनजवळ थोडे जास्त थांबणे योग्य ठरेल, कारण वरचे सगळे प्रश्न तेथे एकत्र येतात. हे टायरोसिन पी, बीए आणि एचए या तिघांच्या मधोमध आहे. आरशातील प्रतिमेच्या हिशेबाने बी शाखेत त्याच्या समोर एल १८१ येथे फेनिलॲलानिन आहे. या दोघांत फरक केवळ एका हायड्रॉक्सिल गटाचा आहे. इलेक्ट्रॉन ए शाखाच का निवडतो याचे उत्तर या एका गटात शोधावे, असे वाटणे स्वाभाविक होते. आर्ये वॉर्शेल, विल्यम पार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितांनी दाखवले की या हायड्रॉक्सिलचा द्विध्रुव योग्य दिशेला वळलेला असेल तर तो ‘पीवर धन, बीएवर ऋण’ या अवस्थेला स्थैर्य देतो, म्हणजे मधली पायरी खाली धरून ठेवतो.

प्रयोगांनी त्याला जोड दिली. टायरोसिनच्या जागी फेनिलॲलानिन आणले की विलगीकरण मंदावते. ट्रिप्टोफॅन आणले की दहा पटींहूनही अधिक मंदावते. पण खरा पुरावा तापमानातून मिळतो. मूळ केंद्र १० केल्विनपर्यंत थंड केले तर विलगीकरण मंद होण्याऐवजी वेगवान होते, ३ पिकोसेकंदांवरून सुमारे १.२ पिकोसेकंदांवर येते. याचा अर्थ वाटेत चढण नाही. ट्रिप्टोफॅनचे केंद्र थंड केले की ते आणखी मंदावते, म्हणजे तेथे आता चढण निर्माण झाली आहे. म्हणून माझा आग्रह असा की फक्त खोलीच्या तापमानाला घेतलेल्या एका मोजमापावर उत्परिवर्तनाचे स्पष्टीकरण कधीही उभारू नये. वेग दोन केंद्रांत सारखाच कमी झालेला असू शकतो आणि त्यामागची कारणे अगदी वेगळी असू शकतात. ती वेगळी करण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे नमुना थंड करून पाहणे.

तरीही फेनिलॲलानिन किंवा ट्रिप्टोफॅन आणताना आकारही बदलतो, हा आक्षेप उरतोच. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेड वीव्हर, स्टीव्हन बॉक्सर आणि सहकाऱ्यांनी जनुकीय संकेताचा विस्तार करून त्याच जागी क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन किंवा मिथिल गट जोडलेले टायरोसिन बसवले. रिंग तीच, जागा तीच, हायड्रॉक्सिलही तेथेच, फक्त त्याच्या शेजारी एक छोटा बदल. रचना जवळजवळ तशीच राहिली, पण पहिला टप्पा मंदावला आणि सगळी केंद्रे एकसारखी वागेनाशी झाली. टायरोसिनचे काम ‘असणे किंवा नसणे’ अशा प्रकारचे नसून मधल्या पायरीची उंची बारकाईने जुळवून ठेवण्याचे आहे, हे यातून दिसते.

मोजण्यापूर्वी काय तपासावे

हाती आलेले शुद्ध केंद्र खरोखर आपल्याला हवे तेच आहे का, हे प्रथम वर्णपटावर पाहावे. मूळ केंद्राच्या वर्णपटात जवळच्या अवरक्त भागात तीन शिखरे असतात: सुमारे ७६० नॅनोमीटरवर बॅक्टेरिओफिओफायटिन, ८०२ वर साहाय्यक बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि ८६५ वर पी. मधले शिखर दोन्ही बाजूंच्या शिखरांच्या साधारण दुप्पट उंच. ही आकृती डोळ्यांत इतकी मुरली पाहिजे की किंचित वेगळेपणाही लगेच खटकावा. विषम जोडीत ८६५ चे शिखर कोसळून पसरट होते. एम २१४ च्या बदलात ७६० चे शिखर खाली येते. शुद्धतेसाठी २८० आणि ८०२ नॅनोमीटर यांवरील शोषणांचे गुणोत्तर पाहावे; ते १.३ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर नमुना चांगला समजावा. जास्त असेल तर दुसरी प्रथिने मिसळलेली आहेत. ७६० चे शिखर अनपेक्षितपणे उंच दिसले तर लगेच उत्परिवर्तनाचा परिणाम म्हणून त्याची नोंद करू नये. शुद्धीकरणाच्या वेळी उजेड आणि उष्णता लागून सुटलेली, बिघडलेली रंगद्रव्येही याच भागात शोषण करतात.

त्यानंतर रंगद्रव्ये ॲसिटोन आणि मिथॅनॉलच्या मिश्रणात काढून मोजावीत. हा हिशेब इतका सोपा आणि निर्णायक आहे की तो कधी टाळू नये. मूळ केंद्रात चार बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि दोन बॅक्टेरिओफिओफायटिन असतात, गुणोत्तर २. विषम जोडीत ते तीनास तीन, म्हणजे १ येते. एम २१४ च्या बदलात पाचास एक, म्हणजे ५ येते. हाती आलेला आकडा मधलाच कुठला असेल तर नमुन्यात दोन प्रकारची केंद्रे मिसळलेली आहेत, आणि अशा नमुन्यावरचा कोणताही वेग दोन वेगांची सरासरी असेल.

तिसरी तपासणी विभवाची. पीचा विभव मोजलेला नसेल तर शिडी काढता येत नाही, आणि शिडी नसेल तर वेगाचे स्पष्टीकरण देता येत नाही. शक्य असेल तेथे स्फटिकरचनाही पाहावी, विशेषतः पाण्याच्या रेणूंसाठी, कारण जनुकाच्या क्रमात पाणी दिसत नाही.

आकड्यांचा अर्थ लावताना

पहिल्या टप्प्यासाठी कोणत्या तरंगलांबीवर पाहायचे हे प्रश्नावर ठरते. ९२० नॅनोमीटरच्या आसपासचे उत्सर्जन उत्तेजित पीचे आयुष्य दाखवते, ५४५ वरील शोषणातील घट आणि ६६५ वरील नवे शोषण एचएवर इलेक्ट्रॉन आल्याची साक्ष देतात, आणि १०२० वरील पट्टा बीएवरील इलेक्ट्रॉनचा असतो. या शेवटच्या पट्ट्याबाबत एक चूक हमखास होते. उत्परिवर्तित केंद्रात तो दिसेनासा झाला म्हणजे इलेक्ट्रॉन बीएला टाळून थेट जातो, असा अर्थ लावला जातो. परंतु पहिली उडी मंदावली आणि दुसरी पूर्वीइतकीच वेगवान राहिली, तर बीएवर एका वेळी आणखीच कमी इलेक्ट्रॉन सापडणार. टप्पा असूनही पट्टा दिसणार नाही. भरणारा नळ बारीक केला आणि खालची मोरी तेवढीच मोकळी ठेवली तर हौदात पाणी साठत नाही, तसेच हे आहे.

वेग आणि कार्यक्षमता यांची गल्लत हीही अशीच नेहमीची. समजा, विलगीकरण झालेच नाही तर उत्तेजित पी २०० पिकोसेकंदांत ऊर्जा वाया घालवून मूळ स्थितीत येते. मूळ केंद्रात तिचे आयुष्य ३ पिकोसेकंदांचे असल्याने वाया जाणारा भाग ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्का. उत्परिवर्तनाने हे आयुष्य ५० पिकोसेकंद झाले, तर वाया जाणारा भाग पंचवीस टक्के. पहिला टप्पा सोळा पटींहून अधिक मंदावला तरी तीन चतुर्थांश उत्पन्न शाबूत राहते. म्हणूनच जीवाणू उजेडात वाढतो की नाही, ही कसोटी प्राथमिक छाननीपुरतीच वापरावी. वाढणाऱ्या वसाहतीवरून विलगीकरण निरोगी आहे असे ठरत नाही.

याहून सूक्ष्म अडचण अशी की उत्तेजित पीचा ऱ्हास एकाच घातांकी वक्राने नीट बसत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील नील वुडबरी, ॲलन, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा अनेक उत्परिवर्तनांची तुलना केली, ज्यांत ऊर्जेचा फरक फार वेगवेगळा होता. त्यांनी २८० नॅनोमीटरवर ट्रिप्टोफॅनच्या शोषणातून प्रथिनाची हालचालही मोजली. वेग वेगवेगळे निघाले, पण प्रथिनाच्या हालचालीचा आलेख सर्वांत सारखाच होता. प्रथिन हलते, त्या हालचालीत पायऱ्यांची उंची जुळत जाते, आणि जुळली की इलेक्ट्रॉन निघतो, असे चित्र त्यातून उभे राहते. तेव्हा निबंधात ‘काल-स्थिरांक’ म्हणून दिलेला एकच आकडा वाचताना तो किती घटकांच्या बेरजेतून काढला आहे, हे पद्धतीच्या भागात जाऊन पाहावे.

एकट्या बदलातून उत्तर मिळत नसेल तर दोन बदल जोडून पाहावेत. डेवी होल्टन आणि क्रिस्टीन किर्मायर यांच्या गटाने १९९५ मध्ये कॅप्सुलॅटसमध्ये एम २१२ येथे हिस्टिडिन आणि एम २०१ येथे ॲस्पार्टिक आम्ल एकत्र आणले, आणि सुमारे १५ टक्के इलेक्ट्रॉन एरवी ओस पडलेल्या बी शाखेने गेले. बीएजवळ आणलेल्या ॲस्पार्टिक आम्लाने ए शाखेची पहिली पायरी उचलली, ती वाट मंदावली, आणि दुसऱ्या वाटेला स्पर्धेत उतरण्याची संधी मिळाली. दोन शाखांमधला फरक किती थोड्या ऊर्जेवर तोललेला आहे, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

वनस्पतींकडे वळताना

या जीवाणूवरून शिकलेले नियम पालेभाजीच्या पानातील प्रकाशप्रणाली २ ला (वनस्पतींतील अशाच एका केंद्राला) जसेच्या तसे लावू नयेत. तेथे रंगद्रव्यांची मांडणी सारखी असली तरी विलगीकरणाची सुरुवात मुख्यतः मधल्या जोडीतून न होता डी१ या प्रथिनाच्या शाखेतील साहाय्यक क्लोरोफिलपासून होते. त्यामुळे जोडीतील हिस्टिडिन बदलल्याचा परिणाम येथे जीवाणूतल्यासारखा नसतो.

बदल साखळीत कुठे बसतो हेही येथे पुन्हा विचारावे लागते. डी१ प्रथिनातील २६४ क्रमांकाच्या सेरिनऐवजी ग्लायसिन आले की ॲट्राझिन हे तणनाशक क्यूबीच्या खोबणीत नीट बसत नाही. आपल्या राजगिऱ्याच्याच प्रजातीतल्या ॲमरँथस हायब्रिडस या तणात हा बदल १९८३ मध्ये ओळखला गेला. मका आणि ऊस लावणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ॲट्राझिन चांगले परिचयाचे आहे. या तणात पहिले विलगीकरण शाबूत असते. मंदावते ते क्यूएवरून क्यूबीकडे जाणे. केवळ पानाची प्रतिदीप्ती (शोषलेल्या प्रकाशापैकी परत बाहेर पडणारा उजेड) मोजून ‘विलगीकरण बिघडले’ असे येथे म्हटले तर बिघाड दोन टप्पे आधी दाखवला जाईल.

पहिल्या टप्प्याच्या जवळचा, शिकण्यासारखा बदल डी१ च्या १३० क्रमांकावर सापडतो. वनस्पतींत तेथे ग्लुटामिक आम्ल असते आणि सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात ग्लुटामाइन. ग्लुटामिक आम्लाचा हायड्रोजन बंध फिओफायटिनला अधिक घट्ट धरतो, त्याला इलेक्ट्रॉन स्वीकारणे सोपे होते, आणि शिडीवरील ती पायरी खाली येते. थर्मोसिनेकोकस इलाँगेटस या उष्ण झऱ्यातील सायनोबॅक्टेरियाकडे तर डी१ ची वेगवेगळी जनुके आहेत: नेहमीच्या उजेडात ग्लुटामाइन असलेले डी१ तयार होते आणि प्रखर उजेडात ग्लुटामिक आम्ल असलेले. आपण प्रयोगशाळेत जो बदल जनुक कापून घडवतो, तोच हा जीव ऊन वाढले की स्वतःच करून घेतो. म्हणून या स्थानावरचे काम करताना नमुना कोणत्या उजेडात वाढवला होता, हे नोंदवहीत पहिल्या ओळीत लिहावे.